गेटसाठी सीनियरचा जुन्या नोट्सचा सेट घ्यावा का?

तुम्ही सोलापुरातच राहून मेकॅनिकलचं गेट, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.साठी द्यायची परीक्षा, देणार, आणि एक सीनियर त्याच्या कोचिंग क्लासच्या नोट्सचा सेट सहा हजारांना देतोय. माझं मत विचाराल तर घेऊ नका. मी घेऊन बसलोय म्हणून सांगतो.

सात रस्त्यावरून रिक्षात दोन गोण्या टाकून सेट घरी आणला होता. उघडला तर पानोपानी दुसऱ्याच्या खुणा, समासात "सर म्हणाले, सोडा". का सोडा, ते कुठेच नाही. वर सेट 2021 च्या आधीचा. त्या वर्षापासून एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न, म्हणजे एमएसक्यू, यायला लागले. गोण्यांत तसा एकही नव्हता, आणि मला हे कळलं डिसेंबरात.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. मागच्या दहा वर्षांचे पेपर आणि उत्तरं नेटवर फुकट मिळतात, ते आधी उतरवून घ्या. एक टॉपिक धरा, समजा थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम. कॉलेजचं पुस्तक वाचा आणि त्यावरचे जुने प्रश्न सोडवा. निम्म्याहून जास्त सुटले तर त्या विषयाला तेच पुस्तक पुरे. नाही सुटले तर अडलंय तेवढंच एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या फुकट व्हिडिओ लेक्चर्सवर, बघा. दुसऱ्या पुस्तकाला पैसे त्यानंतर.

100 पैकी 15 मार्क ॲप्टिट्यूडचे, 13 गणिताचे. त्याला जाडजूड ठोकळे लागत नाहीत.

कॅल्क्युलेटरचं मात्र कुठल्याच नोट्समध्ये नसतं. आपला कॅसिओ आत नेता येत नाही. स्क्रीनवरचा वापरायचा, तोही माऊसने, कीबोर्ड बंद असतो. मी वर्षभर कॅसिओवर बोटं चालवली आणि हॉलमध्ये एकेक आकडा शोधत बसलो. उत्तराचा आकडा टाकायच्या प्रश्नांना चुकलं तरी मार्क कापत नाहीत हे खरं, पण पर्यायही नसतात, त्यामुळे चुकीचं बटण दाबलं गेलं तरी कळत नाही. आजपासून घरी तसाच कॅल्क्युलेटर वापरा.

टेस्ट सिरीज एकच घ्या, पण चालू वर्षाची. पेपर फेब्रुवारीत असतो, त्यामुळे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला एक संध्याकाळ जायला हरकत नाही, चार नको.

आणि त्या सीनियरकडे सेटऐवजी त्याची चुकांची वही मागा, टेस्टमध्ये काय काय चुकलं त्याची. ठेवली असेल तर एका चहावर देईल.