‘हवामानबदल’ हा शब्द कथेत कोणाच्या तोंडी शोभेल?

पुण्यातील एका लेखिकेने विचारले आहे की, दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी 2090 सालच्या पुण्यात घडणारी साहसकथा लिहिताना ‘क्लायमेट चेंज’साठी हवामान बदल, वातावरण बदल आणि जलवायू परिवर्तन यांपैकी कोणता शब्द योजावा, की इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावा. सोबत त्यांनी कथेतील एक वाक्य दिले आहे. पुराचे पाणी पाहून अकरा वर्षांची नायिका ओरडते : ‘‘वातावरण बदलामुळे नदी पुन्हा पेठेत शिरली आहे, लवकर गच्चीवर चला!’’

माझे उत्तर ‘हवामानबदल’ असे आहे, आणि तो जोडून लिहावा. ‘हवा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याला संस्कृत ‘मान’ जोडले गेले. तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान यांत जे ‘मान’ आहे, म्हणजे माप किंवा प्रमाण, तेच येथेही आहे. बोलताना आपण ‘आज हवामान ढगाळ आहे’ असे म्हणतो खरे, परंतु शालेय भूगोलात ‘हवा’ ही वातावरणाची अल्पकालीन स्थिती आणि ‘हवामान’ ही दीर्घकालीन सरासरी असा भेद केलेला असतो. ही सरासरी साधारणपणे 30 वर्षांच्या नोंदींवरून काढण्याचा जागतिक प्रघात आहे. या वयाच्या वाचकाने हा भेद नुकताच शिकलेला असतो, म्हणून कथेने तो मोडू नये. एका दिवसाबद्दल लिहिताना ‘हवा ढगाळ होती’ असेच लिहावे.

‘वातावरण बदल’ चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण राज्य शासनाच्या विभागाच्या नावातच ‘वातावरणीय बदल’ आहे. पण मराठी मुलाच्या कानावर ‘वातावरण’ हा शब्द घरातले वातावरण, निवडणुकीचे वातावरण अशा अर्थाने अधिक पडतो. ‘जलवायू’ हिंदीतून येतो. पाण्यासाठी आणि श्वासासाठी धडपडणाऱ्या पात्रांच्या कथेत मूल त्याचा अर्थ शब्दशः पाणी आणि हवा असाच घेईल. तसेच ‘वैश्विक तापमानवाढ’ टाळून ‘जागतिक’ म्हणावे. हिंदीत ‘वैश्विक’ म्हणजे जागतिक, पण मराठीत विश्व म्हणजे ग्रहताऱ्यांसह सगळे, आणि भविष्यकथेत अंतराळयान असेल तर हा घोटाळा फारच गंभीर होईल. ‘हवापालट’ हा आपला जुना, देखणा शब्द महाबळेश्वर-पाचगणीला प्रकृतीसाठी जाण्याशी बांधलेला आहे. तो तिकडेच राहू द्यावा.

जोडून लिहिण्याचा आग्रह केवळ समासाच्या नियमासाठी नाही. ‘बदल’ हे नाम आहे तसेच आज्ञार्थी क्रियापदही आहे. साहसकथेत ‘दिशा बदल’, ‘वेग बदल’ अशा आज्ञा पानोपानी येतात. त्यांच्या शेजारी सुटा लिहिलेला ‘हवामान बदल’ वाचताना मूल क्षणभर तीही आज्ञाच समजेल. ‘हवामानबदलामुळे’ असे जोडून लिहिले की ही शंका उरत नाही.

मात्र लेखिकेच्या वाक्यातील खरी अडचण शब्दाच्या निवडीत नाही, वक्त्याच्या निवडीत आहे. बदल त्यालाच दिसतो ज्याने आधीचे पाहिलेले असते. 2079 साली जन्मलेल्या मुलीला पेठेत शिरणारी नदी हीच नदीची रीत वाटेल. हाच प्रश्न ‘अवकाळी’ या शब्दापाशी अधिक तीव्र होतो. पावसाला नेमून दिलेला काळ आहे असे मानणाऱ्या समाजानेच हा शब्द घडवला. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे करत हस्ताच्या पावसापर्यंतचा हिशोब ज्याच्या मनात आहे, तोच एखाद्या सरीला अवकाळी म्हणू शकतो. ज्या मुलीच्या जगात हा हिशोबच मोडला आहे, तिच्याकडे पावसासाठी विशेषणे असतील, पण ‘अवकाळी’ नसेल. तो शब्द आजीच्या तोंडी द्यावा आणि नातीने त्याचा अर्थ विचारावा. एवढ्या एका प्रश्नातून जे हरवले ते वाचकाला जितके कळेल, तितके पानभर माहिती देऊन कळणार नाही, असे मला मनापासून वाटते.

म्हणून नायिकेने ओरडताना ‘‘पाणी पेठेत शिरलं, गच्चीवर चला!’’ एवढेच म्हणावे. संवादात ‘शिरले’ऐवजी ‘शिरलं’ लिहिण्यास काहीच हरकत नाही. ‘हवामानबदल’ हा शब्द तिच्यापर्यंत पुढे, योग्य मार्गाने यावा. पुण्यात तर तो मार्ग हाताशी आहे : 1928 साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून येथे आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या भागाला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथील पावसाच्या जुन्या नोंदवह्या मुलांच्या हाती लागल्या, आणि त्यांनी 30 वर्षांचे जून एकमेकांशी ताडून पाहिले, तर ‘हवामानबदल’ हा शब्द तिला स्वतःच्या हिशोबातून सापडेल आणि तिच्या तोंडी शोभेलही.

नोंदींची भाषा आणताना मात्र मापाचे भान ठेवावे. ‘ढगफुटी’ हा शब्द आज कोणत्याही मोठ्या सरीला लावला जातो. हवामानशास्त्रात मात्र लहानशा भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तरच ढगफुटी म्हणतात. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या पुढे अत्यंत मुसळधार अशी भारतीय हवामानशास्त्र विभागाची वर्गवारी आहे. या पायऱ्या चढत्या संकटासाठी लेखिकेच्या फार उपयोगी पडतील. पहिल्याच प्रकरणात ‘ढगफुटी’ खर्च केली, तर शेवटच्या पुरासाठी शब्द उरणार नाही.

‘हरितगृह वायू’बद्दलही सांगायला हवे. शब्द शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, परंतु ‘हरित ऊर्जा’, ‘हरित इमारत’ अशा प्रयोगांमुळे ‘हरित’ म्हणजे चांगले हे मुलांच्या मनात पक्के बसले आहे, आणि मग हा वायूही त्यांना हितकारक वाटतो. पहिल्या उल्लेखात ‘उष्णता अडवून धरणारे वायू’ असे लिहावे, आणि वर्गात शिकलेली संज्ञा कथेतील एखाद्या शास्त्रज्ञाने नंतर उच्चारावी.