निसर्गचित्रं काढून पर्यावरणाची जाणीव खरंच वाढते का?
वाढते, पण एकच जागा पुन्हापुन्हा रंगवली तर. मी जळगाव जिल्ह्यातल्या भडगावकडे गिरणा नदीचं एकच वळण दर उन्हाळ्यात जलरंगात काढतो. जुन्या चित्रात पात्रभर यलो ऑकर हा पिवळसर मातकट रंग, म्हणजे वाळूच वाळू. आता तिथेच पेन्स ग्रे हा गडद निळसर-करडा रंग लागतो, कारण वाळू उपसून काळा खडक उघडा पडलाय. वाळू पावसाळ्याचं पाणी धरून ठेवते, ते काठच्या विहिरींना मिळतं. ती गेली की विहिरी लवकर आटतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा एक शेतकरी आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच अहिराणीत विचारलं, "ही आमनी गिरणा शे?" म्हणजे, ही आमची गिरणा आहे? नुसत्या सूर्यास्ताच्या चित्राला हा प्रश्न कुणी विचारला नसता. चित्रामागे तारीख आणि जागा मात्र नक्की लिहा.