मील प्लॅन घेऊ की नको? (आणि सासूबाईंची एकादशी)

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. या उन्हाळ्यात सासूसासरे साताऱ्याहून येतायत आणि मुलांनी इतकं डोकं खाल्लंय की शेवटी ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड करायचं ठरवलंय, पाच रात्री. आम्ही दोघं, मुलगी ११ ची, मुलगा ६ चा आणि आई-बाबा. सगळे एकत्र राहू म्हणून डिस्नेच्याच हॉटेलात सहाजणांचा फॅमिली सूट बघतोय. बुकिंग करताना डायनिंग प्लॅन हवाय का असं विचारतात. नवरा म्हणतो घेऊन टाक, एकदा पैसे भरले की तिकडे सारखं पाकीट काढायला नको. माझ्या ऑफिसातली मैत्रीण म्हणते आमचे तर पैसे वसूल झाले. मला मात्र धाकधूक आहे कारण आई-बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आईंची नेमकी त्याच आठवड्यात एकादशी येतेय, मुलगा नगेट्स सोडून कशाला हात लावत नाही, आणि नवरा संध्याकाळी एखादी बिअर घेतो तेवढीच, मी तीही नाही. खरंच वाचतात का हो पैसे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर: तुमची मैत्रीण खोटं बोलत नाहीये, पण ती काय खाते काय पिते हे तिला आधी विचारा.

हा प्लॅन २००५ पासूनचा आहे, २०२० मध्ये कोविडच्या वेळी बंद केला होता आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला. दोन प्रकार आहेत. साधा प्लॅन म्हणजे काउंटरवरून घेऊन खायची दोन जेवणं आणि एक स्नॅक, दर रात्रीमागे दर माणशी. मोठ्या प्लॅनमध्ये त्यातलं एक जेवण टेबलावर बसून, वेटर येतो तसलं. दोन्हीत प्रत्येकाला पेय पुन्हापुन्हा भरून घ्यायचा एक कप (मग) मिळतो, तो फक्त हॉटेलात चालतो, पार्कात नाही, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. २०२४ मध्ये मोठ्या माणसाला साधा प्लॅन ५७.०१ डॉलर आणि मोठा ९४.२८ डॉलर होता, आता साधा साठीत गेलाय आणि मोठा शंभराला टेकलाय. म्हणून मी खाली सरळ ६० आणि १०० धरते, तुमच्या तारखांचा नक्की आकडा बुकिंगच्या पानावर दिसेलच.

आता तुमच्या घराचं. पहिली ठेच ही की डिस्नेच्या हिशेबात दहा वर्षांचं आणि त्यापुढचं मूल म्हणजे मोठं माणूस. म्हणजे तुमची ११ ची लेक पूर्ण पैशाची. तीनच्या आतल्यांना प्लॅन लागत नाही, ३ ते ९ ला मुलांचा दर, आणि २०२६ च्या मुक्कामांसाठी मोठ्यांनी प्लॅन घेतला तर या ३ ते ९ वाल्यांचा प्लॅन फुकट ठेवलाय. म्हणजे तुमचा मुलगा फुकटात. पण तुम्ही पाच मोठे, पाच रात्री, २५ गुणिले ६० म्हणजे १५०० डॉलर, आणि मोठा प्लॅन घेतला तर २५००. आणि एका बुकिंगवर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांनी घ्यायचा, सगळ्या रात्रींसाठी घ्यायचा. नवऱ्याला हवा, आईंना नको, असं एका सूटमध्ये चालत नाही. तुमची खरी अडचण इथे आहे, एकादशी नंतर.

आता कागद घ्या आणि तुमचा नेहमीचा दिवस लिहा. प्लॅन घेतल्यावरचा नाही हं, रोख पैसे देऊन तुम्ही जो खाल्ला असता तो. डिस्नेचे मेन्यू किमतीसकट त्यांच्या साइटवर आणि ॲपवर असतात, त्यामुळे अंदाज मारायची गरज नाही. मी ढोबळ भाव धरून करून बघितलं.

आई-बाबांचं बघा. सकाळी खोलीत चहा आणि घरून नेलेलं काहीतरी. दुपारी एक बोल, म्हणजे वाडगाभर जेवण, ॲनिमल किंग्डम या डिस्नेच्याच पार्कात सातुली कँटीन आहे तिथे भात आणि टोफूचा मिळतो, पंधराच्या आतबाहेर. संध्याकाळी एखादा चीज पिझ्झा, तेरा धरा. मध्ये एक आइस्क्रीम सात. प्यायला पाणी, आणि काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी कपात फुकट देतात, बाटली विकत घेऊ नका. झाले ३५, त्यावर साडेसहा टक्के टॅक्स, म्हणजे ३७. प्लॅनला ६०. माणशी रोज २३ डॉलर पाण्यात, दोघांचे ४६. आणि हे दोघांनी वेगवेगळं घेतलं तर, नाहीतर आपली माणसं एकच बोल दोघांत खातात आणि वर म्हणतात केवढं ते, संपतच नाही.

नवरा: सोळाचं जेवण दोन वेळा, एकदा कोल्ड्रिंक एकदा बिअर, एक स्नॅक, टॅक्स धरून साठाला एखादा डॉलर कमी. म्हणजे बरोबरीत. प्लॅनमध्ये प्रत्येक जेवणाबरोबर एक पेय येतं आणि एकविसाच्या पुढच्यांना ते बिअर किंवा वाइन चालतं, आणि तिथे बिअर अकराच्या घरात असते. तुमच्या मैत्रिणीचे पैसे बहुतेक इथून वसूल झाले असणार! दोघंही दोन्ही वेळा घेणारे असतील तर प्लॅन आरामात फिटतो. पण मग गंमत अशी होते की जो माणूस घरी शनिवारी एक घेतो तो तिथे रोज भर दुपारी फ्लोरिडाच्या उन्हात पण घेतो, का तर पैसे भरलेत ना.

तुम्ही बिअर नाही, सोडा घेतलात तरी दिवसाला ५२ च्या वर जात नाही, म्हणजे ८ चा तोटा. लेकीचा १० चा. आणि मुलगा फुकट, त्याचे नगेट्सचे दोन बॉक्स आणि एक स्नॅक म्हणजे २७ चा फायदा. तर तुम्हा चौघांचं मिळून रोज ९ डॉलर सुटतात, पाच रात्रींचे ४५. आई-बाबा त्यात आले की रोज ३७ जातात, पाच रात्रींचे १८५. म्हणजे त्या सहा वर्षांच्या नगेट्सच्या जिवावर तुमचा प्लॅन उभा आहे. मुलाचे पैसे घेत होते तेव्हा, २०२४ ला त्याचा दर २३.८३ होता, तर चौघांचंही नुकसानच निघालं असतं.

म्हणून माझं सरळ मत, फॅमिली सूटच्या बुकिंगवर प्लॅन घेऊ नका. नवऱ्याला फारच हौस असेल तर सूटच्या ऐवजी दोन साध्या खोल्या दोन वेगळ्या बुकिंगवर करून बघा, शेजारच्या द्या अशी विनंती करता येते. एका बुकिंगवर तुम्ही चौघं प्लॅनसकट, दुसऱ्यावर आई-बाबा प्लॅनशिवाय. दोन खोल्यांचं भाडं सूटपेक्षा कमी पडतंय का ते तुमच्या तारखांना तपासा, बऱ्याचदा पडतं. पण ४५ डॉलरसाठी सासऱ्यांना वेगळ्या खोलीत टाकलं असं घरात कोणी म्हणणार असेल तर ते तुमचं तुम्ही बघा. शिवाय सूटचा एक फायदा आहे, आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलच्या सहाजणांच्या सूटमध्ये छोटं किचनेट असतं, मायक्रोवेव्ह, फ्रिज, कॉफी मेकर. म्हणजे तांदूळ आणि मेतकूट नेलंत तर बाबांचं रात्रीचं जेवण खोलीतच झालं. मी असते तर हेच केलं असतं.

मोठा प्लॅन तुमच्यासाठी नाहीच. त्याची वसुली होते ती मिकी किंवा इतर मंडळी टेबलापाशी येऊन फोटो काढतात त्या बुफेत, तिथे मोठ्या माणसाचे साठाच्या वर जातात आणि प्लॅनमध्ये ते एका क्रेडिटात, म्हणजे प्लॅनमधल्या एका जेवणाच्या कुपनात, बसतं. रोज एक तसलं जेवण केलं तर शंभर डॉलर फिटतात. पण अंडं न खाणारी दोन माणसं बुफेत काय घेणार, सॅलड, भात आणि फळं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण तर एकाला दोन क्रेडिट खातं. आणि टिप प्लॅनमध्ये नसते, ती वर वेगळी, सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप लागते आणि तुम्ही बरोब्बर सहा आहात. मुलांसाठी मिकीचं एक जेवण करायचंच असेल तर एक दिवस रोख पैसे देऊन करा, आई-बाबांना त्या वेळी हॉटेलवर आराम करू द्या, त्यांना तसाही तो हवाच असेल.

आणि हो, एकादशी. क्रेडिट दिवसाला बांधलेली नसतात, सगळ्या रात्रींची एकत्र जमा होतात आणि चेकआउटच्या दिवशी रात्री बारापर्यंत कधीही वापरता येतात. त्यामुळे उपासाच्या दिवशीची दोन जेवणं बुडत नाहीत, पण ती कोणाला तरी खावी लागतात, म्हणजे नवऱ्यालाच. आईंसाठी घरूनच न्या. डिस्ने पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतं, फक्त गरम करावं लागेल असं नको आणि काचेचं भांडं नको. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दाण्याची चिक्की, बटाट्याचा चिवडा, हे पिशवीत बसतं आणि उन्हात टिकतं. लोणच्याची काचेची बरणी मात्र गेटवर अडेल, ते डबीत काढून घ्या. विमानात हातातल्या बॅगेतून लोणचं किंवा ओली चटणी नेऊ नका, ते द्रव पदार्थात धरतात, चेक-इनच्या बॅगेत टाका. केळी तिथे बहुतेक सगळीकडे मिळतात.

क्रेडिट उरतात तेव्हा काय होतं ते माझ्याकडून ऐका. मागे आम्ही एका दुसऱ्याच पार्कात, नाव नाही घेत, असाच आगाऊ जेवणाचा प्लॅन घेतला होता. निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला लक्षात आलं की नऊ कुपनं उरलीत आणि ती बारा वाजता मरणार. मी आणि दीर धावत एकमेव उघड्या दुकानात गेलो, तिथे उरलं होतं काय तर मफिन. नऊ मफिन घेतले. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर सगळ्या घराने नाश्त्याला मफिन, दुपारी मफिन, आणि शेवटचे दोन घरी आल्यावर माझ्या जावेने चहात बुडवून संपवले. ते नऊ मफिन मी त्या प्लॅनच्या वसुलीत धरले होते, नवऱ्याने नाही धरले, अजून भांडण आहे.

चहावरून आठवलं. सासऱ्यांना दिवसातून चार वेळा चहा लागत असेल तर तो भरून घ्यायचा कप प्लॅनशिवायही वेगळा विकत मिळतो, एकच घ्या. हॉटेलात असताना हवा तितका भरा. चहा पिशवीचाच, आलं-वेलदोडा तुमचा तुम्ही न्या.

प्रश्न: आम्ही मुलांना घेऊन वॉटरपार्कला जाणार आहोत. तिथे खायला रोख पैसे चालत नाहीत, मनगटाच्या पट्ट्यात आधी पैसे भरावे लागतात म्हणे. जेवणासकट तिकीटही आहे. कुठलं बरं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: तुमचं गणित वरच्यापेक्षा सोपं आहे कारण पाण्यात खेळलेली पोरं खातातच, तिथे अंदाज चुकत नाही. जेवणाच्या तिकिटाचे जास्तीचे पैसे बघा, मग आत एका थाळीला किंवा छोले-भटूऱ्याच्या प्लेटला काय पडतं ते फोन करून विचारा. दोन्हीत पन्नास-साठ रुपयांचाच फरक असेल तर जेवणासकट घ्या, कारण दुपारी दीड वाजता ओल्या कपड्यात एक पोरगं कडेवर घेऊन कुपनच्या रांगेत उभं राहणं नको वाटतं. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या, जेवण किती ते किती वेळात मिळतं आणि एकदाच वाढून घ्यायचं की परत घेता येतं. मुलांना फुल तिकीट की हाफ हे उंचीवर असतं बऱ्याच ठिकाणी, वयावर नाही, तेही आधीच विचारा म्हणजे गेटवर वाद नको.

पट्ट्यात एकदम दोन हजार भरू नका. पाचशे भरा, संपले की परत भरता येतात. उरलेले परत देतात का, पट्ट्याचं डिपॉझिट वेगळं आहे का आणि परतीचं काउंटर किती वाजता बंद होतं, हे भरतानाच विचारा, आणि परत मिळणार असतील तर पार्क सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी एका माणसाला कोरडे कपडे घालून त्या रांगेत पाठवा. सगळे एकदम येतात तेव्हा ती रांग पार्किंगपर्यंत जाते आणि मग माणसं कंटाळून ऐंशी-नव्वद रुपये सोडून देतात.