फ्लूची महामारी वाढत असताना प्रत्येक रुग्णाची मोजणी का थांबवतात? मग लस आधी कुणाला, हे कसं ठरतं?

मोजणी थांबत नाही, पद्धत बदलते. सुरुवातीला प्रत्येक संशयिताचा स्वॅब तपासतात, कारण विषाणू कुठे पोहोचला ते कळायला हवं. साथ पसरली की प्रयोगशाळा तुंबतात आणि आकडा रुग्णांपेक्षा चाचण्यांचाच होऊन बसतो. २००९मध्ये एच१एन१ महामारी जाहीर झाल्यावर सुमारे महिनाभरात जागतिक आरोग्य संघटनेने बाधित देशांकडून एकेका रुग्णाची नोंद मागणं थांबवलं.

मग ठरावीक दवाखाने-रुग्णालयांवर नजर ठेवतात. फ्लूसदृश रुग्णाची व्याख्या सोपी: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, खोकला, सुरुवात गेल्या १० दिवसांत, दाखल करावं लागलं तर गंभीर. तिथे आलेल्या एकूण रुग्णांत असे रुग्ण किती, हे प्रमाण बघा. नुसती संख्या पाहिली तर सुट्टीच्या आठवड्यात साथ ओसरल्याचा भास होतो!

लसीचा क्रम दाखल रुग्णांच्या नोंदींवरून ठरतो: वय, गरोदरपण, जुने आजार. आरोग्य कर्मचारी साधारणपणे पहिले. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. गोठलेली कुपी वितळवून वापरायची नाही, टाकायची. संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात, त्यामुळे लाट शिगेला पोहोचल्यावर सुरू केलेल्या मोहिमेचा फायदा बराच घटतो.