मिशनवर निघालेल्या मित्राच्या निरोपाला जावे, की बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून?

तुम्ही विचारले आहे की, शनिवारी एका नव्या बाईंच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून बोलावणे आहे, रविवारी मिशनवर, म्हणजे धर्मप्रसारासाठी, निघालेल्या मित्राचे निरोपाचे भाषण आहे, दोहोंपैकी एकच जमण्यासारखे आहे, तर कुठे जावे आणि साक्षीदाराने नेमके काय करायचे असते. ‘वॉर्ड’ (स्थानिक मंडळी) आणि ‘सॅक्रमेंट सभा’ (रविवारची उपासना सभा) हे शब्द तुमच्या प्रश्नात आहेत, त्यावरून तुम्ही माझ्यासारखेच लॅटर-डे सेंट्स चर्चचे सभासद आहात असे धरून लिहिते. बाप्तिस्म्याला जा. निरोपाची सभा तुमच्यावाचूनही भरणार आहे.

माझा भाचा अठरा वर्षांचा झाल्यावर दोन वर्षांच्या मिशनवर निघाला, तेव्हा आमच्याकडेही शनिवार आणि रविवार असेच जोडून आले होते. मिशनरी ज्या बाईंना शिकवत होते त्यांच्या प्रत्येक पाठाला तो जाऊन बसत असे, म्हणून बाप्तिस्मा त्यानेच द्यावा अशी त्यांनी इच्छा सांगितली. साक्षीदार दोघे होतो, माझा मोठा भाऊ, म्हणजे मुलाचे वडील, आणि मी. 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत हे काम पौरोहित्य, म्हणजे विधी करण्याचा अधिकार, असलेल्या पुरुषांचेच होते; त्यानंतर बाप्तिस्मा झालेल्या कोणत्याही सभासदाला, अगदी आठ वर्षांच्या मुलीलाही, साक्षीदार होता येऊ लागले. मला त्याचे अप्रूप होते, हे कबूल करते. त्या दिवशी खोलीत आम्ही अकराजण होतो.

बाईंना पाण्याची भीती वाटत होती. कुंडाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी भाच्याचे मनगट इतके घट्ट धरले होते की त्याची बोटे पांढरी पडली होती. त्याने उजवा हात कोपरातून काटकोनात वर धरला, त्यांचे पूर्ण नाव घेतले, प्रार्थना बिनचूक म्हटली आणि त्यांना पाण्याखाली नेले. पांढऱ्या झग्यात हवा भरून तो फुगला आणि मग बसला. पाठीवरची वेणी मात्र बसली नाही. तिचे चार बोटे टोक, रबर बँडसकट, पाण्यावर तरंगत राहिले. बाई वर आल्या त्या हसतच, तोंडावरचे पाणी निपटत. भाच्याने आमच्याकडे पाहिले. दादाने मान डोलावली. मी नकारार्थी हलवली.

“केसच आहेत गं,” दादा माझ्या कानाशी पुटपुटला.

केसच होते, पण आपल्या नियमात शरीर, केस आणि कपडे या तिन्हींचा उल्लेख आहे. यातले काहीही पाण्याबाहेर राहिले, किंवा ‘सिद्धांत आणि करार’ या आपल्या धर्मग्रंथाच्या विसाव्या भागात दिलेल्या प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला, तर बाप्तिस्मा पुन्हा द्यावा लागतो. साक्षीदार ठेवतात ते एवढ्यासाठीच. नाहीतर टाळ्या वाजवायला प्रेक्षक पुरेसे असतात. मी कुंडाच्या कडेशी वाकून वेणी त्यांच्या झग्याच्या गळ्यात मागून खोचली आणि भाच्याने सगळी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली. दुसऱ्यांदा खाली जाण्याआधी बाईंच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली ती मी विसरलेले नाही, आणि दादाही मला विसरू देत नाही.

घरातले चारजण एकत्र जमले की त्याचे म्हणणे निघतेच: मुलगा निघण्याच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी मी त्याला सगळ्यांदेखत खाली पाहायला लावले आणि तो क्षण बिघडवला. माझे उत्तर असे की तो क्षण मुलाचा नव्हताच, त्या बाईंचा होता. खरा वाद इथेच आहे. दुसऱ्या दिवशी त्याच सॅक्रमेंट सभेत बाईंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचे दृढीकरण (सभासद करून घेण्याचा विधी) झाले तेव्हा आमचे पाहुणे अजून जागा शोधत होते आणि मागे खुर्च्या सरकवण्याचा आवाज चालू होता. भाच्याचे भाषण सुरू झाल्यावर मात्र सभागृह गच्च भरून शांत झाले. ती नेहमीचीच सॅक्रमेंट सभा असते, निरोप समारंभ नव्हे, असे चर्च वारंवार सांगत आले आहे, तरी आपण तिचा लग्नासारखा स्वागतसमारंभ करून टाकला आहे. जाणाऱ्याला निरोप द्यायला शंभर माणसे आणि येणारीला अकरा, हे मला पटत नाही.

तुमच्या कामाचे एवढेच: जिथून पाण्याचा पृष्ठभाग सबंध दिसेल अशा जागी उभे राहा, दुसऱ्या साक्षीदाराच्या समोरच्या बाजूला उभे राहता आले तर उत्तम, आणि चष्मा असेल तर घालून जा. बाईंचे केस लांब असतील तर घट्ट अंबाडा घालायला कोणाकरवी तरी आधीच सांगा. पायाची बोटे आणि गुडघे यांच्यावरही लक्ष ठेवा. विधीचे फोटो किंवा चित्रीकरण करायचे नसते, म्हणून दादाच्या त्या बिघडलेल्या क्षणाचा पुरावा कोणाकडेच नाही.

मित्राला शुक्रवारी संध्याकाळी भेटून या. 2019 पासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो, त्यामुळे निरोप आता पूर्वीइतका अखेरचा राहिलेला नाही. मात्र त्याच्या घरचे कोणीच सभासद नसतील आणि तो सभेत एकटा पडणार असेल, तर मी वर जे ठामपणे लिहिले ते तुम्हाला लागू नाही. अशा वेळी साक्षीदार दुसरा कोणीही मिळतो. आणि माझा अंदाज चुकून तुमचे चर्च कॅथलिक वगैरे निघाले, तर तिथे डोक्यावर पाणी ओतलेलेही चालते, केसांचा प्रश्न येत नाही.

त्या बाईंची मुलगी मागच्या वर्षी आठ वर्षांची झाली. तिच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण हवे असे बिशपांनी विचारले तेव्हा आईने माझे नाव सांगितले आणि मुलीची वेणी स्वतः दोनदा गुंडाळून पिनांनी बसवली. दादाला मी हे अजून सांगितलेले नाही.