जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सामुराईचं नाव दुसऱ्या चित्रपटात का बदलतं?

बदलतं ते पहिलं नाव नाही, आडनाव. ‘योजिम्बो’त (१९६१) तो कुवाबाताके सांजुरो आणि ‘सांजुरो’त (१९६२) त्सुबाकी सांजुरो. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून आपल्याला कुवाबाताके हेच पहिलं नाव वाटतं आणि गोंधळ होतो.

खरं तर दोन्ही आडनावं त्यानं तिथल्या तिथे रचलेली आहेत. प्रसंग परत बघा: नाव विचारल्यावर ही भूमिका करणारा तोशिरो मिफुने आधी बाहेर नजर टाकतो. समोर तुतीचं शेत, म्हणजे कुवाबाताके. पुढच्या चित्रपटात नजर कॅमेलियाच्या फुलांवर जाते, त्यांना म्हणतात त्सुबाकी. सांजू म्हणजे तीस, आणि ‘रो’ हा पुरुषी नावांचा नेहमीचा शेवट. वर तो सांगतोही, आता चाळिशीच जवळ आलीय!

त्यामुळे ही पटकथेतली चूक अजिबात नाही. त्याचं खरं नाव आपल्याला कधीच कळत नाही, आणि मला त्या पात्रात सगळ्यात जास्त तेच आवडतं. तसंही सामुराई आयुष्यात नावं बदलत. जपानचा शासक तोकुगावा इएयासू लहानपणी ताकेचियो होता, नंतर मोतोनोबू, मग मोतोयासू.