जुनी ट्यूब करकरतेय, पण पाच महिने गप्प का बसलात?

नाशिकच्या एका वाचकाने मार्चमध्ये मुंबईच्या एका दुकानदाराकडून हेडफोन ॲम्पसाठी '५६५४' मॉडेलच्या सेकंडहँड व्हॅक्यूम ट्यूबची (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) जोडी ३,२०० रुपयांना मागवली, बिलावर 'टेस्टेड, स्ट्राँग'. पहिल्याच आठवड्यात डाव्या कानात करकर सुरू झाली आणि पैसे परत मागितले थेट ऑगस्टमध्ये. दुकानदार नाही म्हणतोय. आता काय करता येईल, असं त्यांनी विचारलंय, हे उत्तर त्यांनाच.

सेकंडहँड मालावर तक्रार चालते का, 'नो रिटर्न'ला किती अर्थ, यावर खूपदा लिहून झालंय. तुमचं घोडं अडलंय ते पाच महिन्यांवर. मालविक्री कायदा १९३०, कलम ४२: माल नको असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला की तो स्वीकारलात असं धरतात. मग कलम १३ प्रमाणे माल नाकारून पूर्ण पैसे परत मागता येत नाहीत, नुकसानभरपाई तेवढी उरते. 'बर्न-इन (ट्यूब काही दिवस चालवून स्थिरावणं) झाल्यावर जाईल' म्हणत थांबायचं आणि मग वकील शोधायचा, अहो हे पहिल्या आठवड्यात दोन ओळी लिहून टाळता आलं असतं!

पण तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये एक गोष्ट आहे जिच्याकडे तुमचंच लक्ष नाहीये. चौथ्या दिवशी तुम्ही ऑडिओ क्लिप पाठवून विचारलंत, 'असा आवाज नॉर्मल आहे का?' आणि त्याचं उत्तर, 'थोडे दिवस चालवा, जाईल.' तुमचा प्रश्न म्हणजे माल नाकारणं नव्हे, हे खरंच. पण थांबायला त्याने सांगितलं, आणि वाजवी मुदत किती हा कलम ६३ प्रमाणे वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, म्हणजे ती मुदत त्याच्या शब्दावर लांबली असं म्हणायला जागा आहे. शिवाय बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यातही चौथ्या दिवसाची ती क्लिप कामाला येईल. ग्राहक आयोग काय मानेल याची खात्री मी देत नाही. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका.

आता दोष ट्यूबचाच आहे हे दाखवा, नाहीतर तो म्हणेल ॲम्प खराब. तुमच्या ॲम्पमध्ये दर चॅनेलला, म्हणजे दर कानाला, अशी एक ड्रायव्हर ट्यूब आहे, म्हणून सोपं आहे. प्लग काढा, ट्यूब गार होऊ द्या, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि डावी-उजवी अदलाबदल करा, सगळं व्हिडिओत. करकर उजवीकडे गेली तर ट्यूब गेलेली, डावीकडेच राहिली तर सॉकेट किंवा आतलं काहीतरी, आणि मग दुकानदाराला सोडा. ॲम्प स्वतः उघडू नका, बंद असला तरी कपॅसिटरमध्ये व्होल्टेज असतं.

करकर ट्यूबसोबत सरकली तर आजच व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टने लेखी नोटीस, १५ दिवसांची मुदत, पैसे परत किंवा पर्यायाने भरपाई. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तरी नाहीच तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि ३,२०० रुपयांसाठी माणूस कंटाळतो, म्हणून नोटिशीतच मिटवायचा प्रयत्न करा. आणि त्याने 'आधी परत पाठवा, मग बघतो' म्हटलं तर लेखी कबुलीशिवाय ट्यूब कुरियर करू नका, पुरावा तोच आहे.